किरण चालू, मुसळ उभं

पत्रकात ‘कदाचित’ हा शब्द चालत नाही. समितीतल्या काकांनी मला हे पहिल्याच दिवशी बजावलं होतं. काका म्हणजे आमच्या बुवाबाजीविरोधी समितीचे सगळ्यांत जुने कार्यकर्ते. यवतमाळात राहतात, सायकलवर फिरतात, आणि फोनवरही सभेत बोलल्यासारखे बोलतात. “वाचणारा चौकात उभा असतो, पोरी. उन्हात. त्याला एक वाक्य दे. ते नकारार्थी दे. म्हणजे तो ते घरी घेऊन जातो.”

म्हणून मी नकारार्थी वाक्यं लिहायला शिकले. करणी नसते. भानामती नसते. अंगात येत नाही, आणलं जातं. मला ही वाक्यं आवडायची, अजूनही आवडतात. ती दगडासारखी असतात, समोरच्याच्या कपाळावर बरोबर बसतात.

त्या दिवशी मी नेरला होते. मे महिना. बाजाराचा दिवस म्हणून सकाळच्या पहिल्या गाडीनं आले होते, पिशवीत जुनी पत्रकं. बसस्टँडवर उतरले तोच फोन थरथरायला लागला. एकच मेसेज पाच गटांतून आला होता. आज दुपारी बारा ते चार मंगळाजवळून घातक कॉस्मिक किरण पृथ्वीकडे येणार. फोन बंद करून अंगापासून दूर ठेवा. गरोदर बायांनी घराबाहेर पडू नये. परदेशातल्या मोठ्या शास्त्रज्ञांनी सांगितलं आहे. आपल्या माणसांना वाचवा, पुढे पाठवा. शेवटी हात जोडलेले.

आमच्या घरच्या गटावर तो माझ्या दादानंच टाकला होता.

मी संतापले. काकांचा फोन आलाच. “पत्रक पाहिजे. दुपारच्या आत. छापायला वेळ नाही, फोटो काढून सोडू.” मी स्टँडच्या बाकावर बसले, एका जुन्या पत्रकाच्या पाठीमागे लिहून काढलं. पहिलं वाक्य: ‘कॉस्मिक किरण नावाचं काही नसतं.’ खाली मंगळाची, मेसेज पाठवणाऱ्यांची आणि परदेशी शास्त्रज्ञांच्या नावावर खपणाऱ्या थापांची यथेच्छ हजेरी. वाचून मलाच बरं वाटलं.

पाठवण्याआधी एकदा मॅडमना दाखवावं, एवढाच विचार केला. मॅडम मला कॉलेजात फिजिक्स शिकवायच्या. नेरलाच राहतात, बाजाराच्या मागे. खाली त्यांच्या अब्बांचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज, वर घर. जिन्यापर्यंत ऑइलचा वास येतो आणि त्याच्या पुढे इलायचीच्या चहाचा.

“या या, पत्रकवाल्या बाई,” त्या म्हणाल्या. “आज कोणाचं वाजवून राह्यली?”

मी कागद दिला. त्यांनी चष्मा लावला, पहिलं वाक्य वाचलं, पेन घेतला आणि ते वाक्य खोडलं. आडवी रेघ, तीसुद्धा दोनदा.

“मॅडम!”

“काय मॅडम? असते ना.”

“काय असते?”

“कॉस्मिक किरण. असतात. तुले मी शिकवलं नाही? बरोबर, तू मोर्चात होतीस त्या आठवड्यात.”

मी म्हणाले, “म्हणजे मेसेज खरा आहे?”

“मेसेज बकवास आहे. किरण खरे आहेत. दोन वेगळ्या गोष्टी, बेटा. बस खाली. हात पुढे कर. तळहात आडवा धर.”

मी हात धरला.

“सेकंदाला साधारण एक जाते. तुझ्या तळहातातून. वरून येते, हातातून जाते, टेबलातून जाते, स्लॅबमधून खाली अब्बांच्या टाळक्यातून जाते, जमिनीत जाते.”

मी हात मागे घेतला. चटका बसल्यासारखा. मॅडम इतक्या हसल्या की त्यांचा चष्मा घसरला. “मागे घेऊन काय होते? मांडीतून जाईन.”

त्या क्षणी मला जे वाटलं ते अजून अंगावर येतं. मला राग आला होता, आणि कोणाचा ते कळत नव्हतं. एवढी वर्षं मी लोकांना सांगत फिरले की वरून काही येत नाही. आणि वरून सतत काहीतरी येत होतं, मी तसं सांगत असतानासुद्धा, माझ्याच डोक्यातून. मला कोणी सांगितलं का नाही? दहावीच्या पुस्तकात का नव्हतं? चौकात का नव्हतं? बाकी सगळं चौकात असतं.

मॅडमनी चहा ओतला आणि सांगायला लागल्या. कुठेतरी लांब एखादा मोठा तारा फुटतो. त्याच्या धक्क्यात बारीक कण, बहुतेक प्रोटॉन, भयंकर वेगानं सुटतात. किरण म्हणतात, पण किरण नव्हेत, कण आहेत. त्यांच्यावर विद्युतभार असतो.

“भार असलेला कण चुंबकासमोरून सरळ जाते का?”

“नाही. वळतो.”

“आणि आपल्या आकाशगंगेत चुंबकत्व सगळीकडे पसरलेलं आहे. पण सरळ नाही. मांजरीनं खेळलेल्या सुताच्या गुंडीसारखं. मग तो कण इथे वळला, तिथे वळला, मागे फिरला, परत पुढे आला. तारा फुटला त्याचा उजेड सरळ निघून येतो. हे बसतात गल्लीबोळात भटकत. लाखो वर्षं. दहा लाख, कोटी, असं. काही भटकता भटकता आकाशगंगेच्या बाहेरच निसटतात.”

“मग पृथ्वीवर येतात ते कुठून आले, हे कसं कळतं?”

“नाही कळत!” त्यांनी टेबलावर थाप मारली, जणू हेच ऐकायला बसल्या होत्या. “जिनिंगमधे गेलीस ना कधी? रुईचे तंतू हवेत उडत राहतात. एक येऊन तुझ्या ओढणीवर बसला. सांग, कोणत्या गावच्या कापसाचा?”

“कसं सांगू? तो शेडभर भिरभिरून आला असेल.”

“ज्या बाजूनं आला त्या बाजूच्या गाडीतला असंन?”

“नाही. काही संबंध नाही.”

“हेच. म्हणून ते आकाशाच्या सगळ्या बाजूंनी जवळजवळ सारखेच येतात. मूळचे वरच्या हवेवर आपटून फुटतात, त्यांचे तुकडे खाली पोचतात. रात्री येतात, दिवसा येतात, ग्रहणात येतात, बिनग्रहणाचे येतात. बारा ते चार म्हणे! एसटी आहे का ती? आणि एसटी तरी कुठे वेळेवर येते?”

“धोका?”

“वर हवेची एवढी जाडी आहे. तिच्यातून गाळून जे उरते त्यात माणूस, बैल, बाभूळ, सगळेच वाढले. तू त्यातच जन्मली. विमानात थोडे जास्त. विमानात बसतेस का तू? नाही ना. मग चहा पी.”

मी चहा प्यायले. पण हात मांडीवर ठेवता येईना, कुठे ठेवावा तेच कळेना. आणि मग एकदम आठवलं. गरोदर बायांनी घराबाहेर पडू नये.

माझी वहिनी आठव्या महिन्यात होती.

आमचं गाव बाभुळगावपासून आत. शेत कपाशीचं, तुरीचं. घरात आई आणि वहिनी. दादा मारेगावकडे एका जिनिंगमध्ये कामाला, पंधरवड्यानं येतो. बारा वाजत आले होते. मी घरी फोन लावला. आईचा बंद. वहिनीचा बंद. शेजारच्या काकूंचा बंद. अख्खं गाव बंद. मग दादाला लावला. त्याचा लागला.

“तुझा कसा चालू?” मी ओरडले.

“मले कामावर लागते ना वं.”

“किरण तुझ्या जिनिंगवर पडत नाहीत वाटतं?”

“चिडून कायले राह्यली? मी सांगतलं फक्त. आईनं सकाळीच फोन केलता. म्हणे, ग्रहणासारखंच पाळू. तुह्या वहिनीले आत बसवते म्हणे. पाणी नाही, अन्न नाही. चार वाजेपर्यंतच तं हाय. मागच्या वेळसारखं नको व्हायले.”

मागच्या वेळेसारखं. हे सांगावंच लागेल.

मागच्या ग्रहणाला आमच्या समितीनं माझ्याच गावात, देवळासमोरच्या पारावर, भज्यांचा कार्यक्रम केला होता. ग्रहणात खाऊन दाखवायचं, गरोदर बाईनंही. वहिनीला तेव्हा तिसरा लागलेला. ती स्वतः आली, हसत आली, दोन भजी खाल्ली, तिसरं आईसाठी पदरात घेऊन गेली. फोटोही आहे. नंतर काही आठवड्यांनी तिचं पोटातलं गेलं. डॉक्टर म्हणाले, असं होतं, पहिल्या महिन्यांत पुष्कळांचं होतं, कशामुळे म्हणून बोट दाखवता येत नाही. बोट दाखवता येत नाही हे गावाला पटत नाही. गावाला बोट असतंच. आई माझ्या तोंडावर कधी काही बोलली नाही. पण त्यानंतर घरात माझ्या शब्दाला वजन उरलं नाही.

मी पिशवी मॅडमकडेच टाकून निघाले. त्या जिन्यावरून ओरडल्या, “आधी पाणी पाज तिले! फिजिक्स नंतर!”

नेरहून यवतमाळ, यवतमाळहून बाभुळगाव; एक गाडी वाटेत बंद पडली, दुसरी उशिरा सुटली. गाडीच्या खिडक्यांमधून भट्टीची हवा येत होती. पत्र्याच्या टपाखाली मी बसले होते आणि मनात सारखं तेच: या पत्र्यातून येताहेत. या कंडक्टरच्या टोपीतून. त्या म्हातारीच्या मांडीवरच्या कोंबडीतून. लाखो वर्षं भटकत भटकत, ज्यांना आम्ही माहीत नाही, आणि ज्यांनी आमच्यासाठी वेळ ठरवलेली नाही. मला भीती वाटत नव्हती. मला अपमान वाटत होता. इतकं मोठं काही चाललेलं आहे, आणि आम्हाला त्यातलं काय पोचलं? चार वाजेपर्यंत एका बाईचं पाणी बंद.

यवतमाळच्या स्टँडवर काकांचा फोन. “पत्रक कुठंय?”

“काका, पहिलं वाक्य चुकलं आहे. किरण असतात.”

“असतील. पण आज तसं लिहू नको. लोक घाबरतील. ‘नसतात’ लिही. उद्या हवं तर खुलासा करू.”

“खोटं लिहू?”

“सोपं लिही म्हणतो.”

“काका, माझ्या वहिनीला उन्हाळ्यात बिनपाण्याचं कोंडून ठेवलंय,” मी म्हणाले आणि फोन ठेवला. आमच्या समितीत काकांचा फोन कोणी असा ठेवत नाही.

मनात एकच चित्र होतं. आई दाराशी, दाराला बाहेरून कडी, आत वहिनी. असली चित्रं मी पत्रकांवर अनेकदा छापली आहेत. सासू डावीकडे, सून उजवीकडे, मधे कुलूप. बाभुळगावहून ऑटोनं गावात शिरेपर्यंत मी आईला काय काय बोलायचं ते सगळं तयार केलं. साडेपाच वाजले होते. म्हटलं, निदान चार वाजून गेलेत, सुटली असेल.

सुटली नव्हती.

आई अंगणात बसली होती. दाराशी नव्हती. तिच्यासमोर पितळी परात, परातीत पाणी, पाण्यात हळदकुंकवाचे ठिपके, आणि मधोमध मुसळ. उभं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ग्रहण लागलं की आमच्याकडे परातीत पाणी घालून मुसळ उभं करतात. ग्रहण असेपर्यंत ते उभं राहतं म्हणतात. सुटलं की आपोआप पडतं. घड्याळाची गरज नाही. आईनं या किरणांसाठी तेच केलं होतं. बाराला उभं केलेलं. चार वाजले, साडेचार झाले, पाच झाले. मुसळ पडलं नाही.

आई माझ्याकडे पाहून उठलीसुद्धा नाही. तिचा चेहरा पाहून माझं तयार केलेलं सगळं भाषण गळून गेलं. ती रडत होती.

“पडूनच नाही राह्यलं वं,” ती म्हणाली. “किरण सुटूनच नाही राह्यले.”

“आई, दार उघड तिचं.”

“मी कायले उघडू? कडी आतून हाय.”

मी दाराकडे पाहिलं. बाहेरची कडी नुसती लोंबत होती.

“मी तं चार वाजेलोक बस म्हटलं होतं तिले माजघरात, कूलरपाशी,” आई म्हणाली. “तिनंच आयकलं नाही. म्हणे, माजघराले खिडकी हाय. कोठीत जाऊन बसली, आतून कडी घातली. चारपासून हाका मारून राह्यली मी. पाणी पी म्हणतो, सरबत पी म्हणतो. ती इचारते, मुसळ पडलं का? मी खोटं कसं बोलू? समोर उभं हाय.”

कोठी म्हणजे आमची कापूस ठेवायची खोली. खिडकी नाही, वर टिन. मे महिन्यात रिकामी, भिंतींना फक्त रुई चिकटलेली. त्या खोलीत दुपारी उंदीरसुद्धा राहत नाही. आणि कडी आतून. माझ्या पत्रकावरच्या चित्रात कडी कधीच आतून नव्हती.

आईनं माझा हात धरला. “तू पाड.”

“काय?”

“मुसळ. तू पाड. मी नाही पाडू शकत, माह्या हातानं नाही होत ते. तुहा तं इश्वास नाही ना? तुले काही होत नाही. धक्का दे आन् सांग तिले पडलं म्हणून. येते ती बाहेर.”

आईनं माझ्याकडे असं कधी काही मागितलं नव्हतं. मी परातीजवळ गेले. मुसळाच्या डोक्यावर हात ठेवला. सागाचं, जुनं, खाली लोखंडी कडं, बूड सपाट. बोटभर धक्का पुरला असता. ती बाहेर आली असती, पाणी प्यायली असती. काकाही तेच म्हणत होते, आज सोपं कर, खुलासा उद्या. आणि मला दिसत होतं, उद्या काय होईल ते. उद्या पुन्हा कोणी मेसेज पाठवेल आणि ती पुन्हा आत जाईल, मुसळावर विसंबून.

पण खरं सांगायचं तर मी एवढा विचार केला नाही. मी घाबरले होते. खोलीतून आवाज आला, कोरडा, ओळखू न येणारा:

“बाई आल्या का? मुसळ पडलं का, बाई?”

वहिनी मला बाई म्हणते. मी तिच्याहून लहान असून.

मी मुसळावरचा हात काढला. “नाही,” मी म्हणाले. “पडलं नाही. आणि पडणारही नाही, वहिनी.”

आई कपाळ धरून बसली.

मी दाराशी गेले, दाराला टेकून जमिनीवर बसले. पत्रकासारखं बोलता येईना. जसं आलं तसं बोलले. “किरण आहेत. खरंच आहेत. मला आज सकाळीच कळलं. पण ते बाराला आले नाहीत आणि चारला गेले नाहीत. ते नेहमीच येतात. तारे फुटतात तिथून निघतात आणि आकाशात नुसते भटकतात, किती लाख वर्षं भटकतात. शेवटी कुठूनही येतात. कोणाच्या दिशेनं म्हणून येत नाहीत. टिनातून येतात, भिंतीतून येतात.”

आतून: “या कोठीत बी?”

“हो.”

“आता? माह्यावर? लेकरावर?”

आई किंचाळली, “काय बोलून राह्यली तू! तिले अजून भेव दाखवते का?”

“हो,” मी म्हणाले. “आता. तुमच्यावर, लेकरावर, माझ्यावर, आईवर. आई, मी तुझ्या पोटात होते तेव्हा माझ्यावरही. तू आजीच्या पोटात होतीस तेव्हाही. काही करत नाहीत ते. म्हणजे केलं असेल तर एवढंच. आपण आहोत तसे आहोत ते त्यांच्यातच राहून.”

“तं मंग रोज कोंडून ठेवू का तिले?” आई म्हणाली. रागानं नाही. तिला खरंच विचारायचं होतं. किरण रोज असतील तर पाळणं रोज. तिचं गणित चुकत नव्हतं.

उत्तर आतून आलं. “आई, या खोलीत येऊनच राह्यले तं मी इथं बसून कायले राह्यली?”

आई दाराकडे वळून बसली.

“मागच्या वेळी बी येत होते का, बाई? भजे खाल्ले त्याच्या आधी?”

“आधी. नंतर. घरात. पारावर. सगळीकडे सारखेच.”

“मले वाटे,” ती म्हणाली आणि थांबली. “मले वाटे, सारं गाव नाही म्हणून राह्यलं होतं आन् माहाच हात तिकडे गेला. मी हसत गेलती. फोटोत बी हसून राह्यली मी. तुमचं काही नव्हतं, बाई. तुम्ही नुसते वाटून राह्यल्या होत्या. हात माहा होता.”

मला धक्का बसला म्हणजे काय बसला, हे मी आजवर लिहू शकले नाही. एवढे दिवस मी धरून चालले होते की आई मला दोषी धरते आणि वहिनी माझ्या बाजूची. ती कोणाच्याच बाजूची नव्हती. ती एकटीच स्वतःकडे बोट करून बसली होती, आणि त्याच बोटानं आज कडी लावली होती.

आई उठली. मला वाटलं, आता मला बोलणार. ती दाराशी आली, दारावर दोन्ही तळहात ठेवले. “अवं येडे,” ती म्हणाली, “ते तिसरं भजं तू माह्यासाठी आणलं होतं. मी खाल्लं ना ते. ग्रहणातच खाल्लं. कोणाले सांगतलं नाही.”

मी आईकडे पाहिलं. आईनं माझ्याकडे पाहिलं नाही.

आतून एक खरखरीत आवाज आला, आम्हाला वाटलं उमाळा. पण वहिनी हसत होती. “आन् देवळात बाया मले बोल लावे तेव्हा तुमी माह्या बाजूनं भांडून राह्यल्या होत्या. मी म्हणो, सासू इतकी चांगली कशी?”

“गप. उघड.”

कडी निघाली.

दार उघडलं तसं उन्हाचा तिरपा पट्टा आत गेला आणि कोंडलेली रुई एकदम उठली. बारीक पांढरे तंतू, उजेडात इकडे वळत, तिकडे वळत, कुठेच सरळ न जाता. त्यांच्यामागे वहिनी, भिंतीला धरून, ओठ फुटलेले, केस घामानं चिकटलेले, पाय सुजून खांबासारखे. त्या क्षणी मला रुई सुंदर वाटली नाही. मी किंचाळले, “पाणी!”

आईनं तांब्या धरला. वहिनी प्यायली, थांबली, प्यायली. दुसरा तांब्या तिनं डोक्यावर ओतून घेतला. मग ती अंगणात आली, परातीपुढे उभी राहिली. वाकता येत नव्हतं तरी वाकली, दोन्ही हातांनी मुसळ उचललं, बाजूला जमिनीवर ठेवलं. आणि बाजेवर बसून दोन्ही पाय परातीत सोडले. हळदकुंकवाचं पाणी. आई “अवं” एवढंच म्हणाली. खाली बसली आणि सुनेच्या पायांवर ते पाणी ओंजळीनं घालायला लागली.

ऑटोवाला थांबलेलाच होता. आम्ही तिला बाभुळगावच्या दवाखान्यात नेलं. सलाइन लागलं. नर्सनं आम्हा तिघींना एकत्रच झापलं: “एवढ्या उन्हात बिनपाण्याची? शिकल्या-सवरल्या दिसता ना तुम्ही?” हे माझ्याकडे पाहून. मी ऐकून घेतलं. मग तिनं पोटावर यंत्र लावलं, थोडं सरकवलं, आणि खोलीभर टकटक टकटक असा आवाज भरला. आई घाबरून मागे सरली. “हे किरण हाय का?”

“काय किरण?” नर्स म्हणाली. “लेकराचं काळीज आहे ते.”

आई तो आवाज तोंड उघडं ठेवून ऐकत राहिली.

काकांचे सात-आठ फोन येऊन गेले होते. बाहेरच्या बाकावर बसून मी पत्रक लिहिलं आणि पाठवलं. पहिलं वाक्य: ‘कॉस्मिक किरण आहेत, रोज आहेत, सगळ्यांवर आहेत, म्हणून आज पाणी प्या.’ काकांनी उत्तर पाठवलं: हे फार लांब आहे. आणि मग थोड्या वेळानं: खरं आहे का हे? मी मॅडमचा नंबर दिला.

दिवेलागणीला आम्ही परतलो. वहिनी बाजेवर टेकली, आई दिवा लावायला गेली आणि अंगणाच्या मधोमध थबकली. वहिनीनं ठेवलं होतं तिथेच मुसळ उभं होतं. कोरड्या जमिनीवर. परात नाही, पाणी नाही, ग्रहण नाही.

आई त्याच्याभोवती एक चक्कर मारून आली. बोटानं हलकेच ढकललं. ते डोललं आणि पुन्हा उभं राहिलं.

“हे तं असंच उभं राह्यते वं,” ती म्हणाली. तिच्या आवाजात जे होतं ते माझ्या हातात सकाळी होतं, मॅडमच्या टेबलावरून हात मागे घेताना. “माह्या सासूनं काही सांगतलं नाही मले.”

वहिनी बाजेवरून म्हणाली, “त्याईले कोणी सांगतलं असंन, आई?”

आईनं मुसळ उचलून काखेत घेतलं आणि मिरच्या कुटायला आत गेली.